पांढऱ्या मार्बलच्या ओट्यावरचे चट्टे आणि डाग: काय निघतं, काय निघत नाही?

ओटाधारक

ओटा साडेआठ फूट बाय दोन फूट. पांढरा मार्बल, राखाडी रेघा, १८ मिमी जाडी, चकचकीत पॉलिश. राजस्थानातला मकराना म्हणून घेतला आहे. चार वर्षं झाली. सध्याची स्थिती अशी:

शेगडीच्या उजवीकडे, जिथे चिरणं-पिळणं चालतं, तिथे आठ-दहा निस्तेज ठिपके. त्यातले दोन तर बरोबर अर्ध्या लिंबाच्या मापाचे गोल. मिक्सरच्या पुढे हळदीचा तळव्याएवढा डाग; भांडी घासायच्या साबणाने घासला तर पिवळ्याचा लालसर झाला. तेलाच्या बरणीखाली गडद वर्तुळ. नळाच्या बुडाशी पांढरा खर. सिंकशेजारी गंजाचा नखाएवढा ठिपका, बहुधा तारेच्या घासणीचा तुकडा राहून गेला असावा.

एका व्हिडिओत पाहून लिंबू आणि सोडा लावून झाला. हळद तशीच राहिली, वर ठिपके वाढले. पॉलिशवाला म्हणतो, ॲसिड वॉश देतो, मग बट्टी (घासायचा दगड) मारतो, मग कोटिंग करतो, पुन्हा डाग पडणारच नाही. हे कितपत खरं?

पाथरवट

आधी चट्टा आणि डाग वेगळे करा. दोन्हीला 'डाग' म्हटल्यामुळेच सगळे उपाय उलटे पडतात.

डाग म्हणजे बाहेरचा रंग किंवा तेल दगडाच्या छिद्रांत शिरलेलं. चट्टा म्हणजे दगडच खाल्ला गेलेला. त्यात बाहेरचं काही शिरलेलं नसतं, त्यामुळे काढून टाकण्यासारखंही काही नसतं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ, व्हिनेगर, टोमॅटो, दही, ताक यांपैकी काहीही पडलं की वरचा आरशासारखा पापुद्रा विरघळतो आणि खाली खडबडीत पृष्ठभाग उरतो. लिंबाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) दोन ते अडीच, त्यामुळे मिनिटाभरातही खूण उमटते. टोमॅटो-दही चार-साडेचारच्या घरात, त्यांना थोडा जास्त वेळ लागतो.

ओळखायचं असं: ओट्यावरचे दिवे बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून ओट्याच्या पातळीवरून प्रकाश टाका. चट्टा असेल तर तेवढ्याच जागी चमक तुटलेली दिसेल. मग तिथे पाण्याचा हात फिरवा. ओलं असताना गायब आणि वाळल्यावर परत हजर, तर चट्टा. ओल्यातही तसाच दिसला, तर डाग. शेवटी नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर हाताने निघेल. अडकलं तर मशीन लागेल.

आणि मुळात दगड मार्बलच आहे ना, तेही पाहून घ्या. हल्ली क्वार्ट्झ आणि नॅनो व्हाइट हे कृत्रिम दगड हुबेहूब तसेच दिसतात. ओट्याच्या पुढच्या कडेच्या खालच्या, पॉलिश नसलेल्या भागावर लिंबाचा थेंब धरा. बुडबुडे आले तर मार्बल. राजस्थानातल्याच राजनगरचा पांढरा दगड डोलोमाइटी (मॅग्नेशियमही असलेला) असतो, त्यावर बुडबुडे फार मंद येतात, कधी दिसतही नाहीत. मग पाच मिनिटं थांबून खडबडीतपणा पाहायचा. मकराना मात्र चटकन प्रतिक्रिया देतो.

चहाबाज

ग्रॅनाइट टाका आणि सुटा. उगाच नाही आपल्याकडे आधी कडाप्पा आणि मग ग्रॅनाइट आला.

खडीसाखर

@चहाबाज, ग्रॅनाइटचं मान्य, कडाप्पाचं नाही. कडाप्पा हा चुनखडीचाच काळा दगड आहे. जुन्या ओट्यांवर लिंबा-चिंचेचे करडे चट्टे दिसायचे ते याच कारणाने. तेल चोळून ते झाकायचे, इतकंच.

@ओटाधारक, लिंबू-सोडा का फसला ते आधी सांगते. दोन्ही एकत्र केले की फसफसतं आणि एकमेकांना संपवतात. सोडा कमी पडला तर उरलेलं लिंबू दगड खातं. सोडा जास्त झाला तर हळद लाल होते. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल पडतं, तुमच्या साबणाने तेच केलं. घाबरू नका, रंग बदलला म्हणून डाग जास्त खोल गेला असं नाही. क्षार धुऊन निघाला की तो पुन्हा पिवळा होतो.

हळदीला दोन गोष्टी मारतात: ऊन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ओट्यावर खिडकीचं थेट ऊन येत असेल तर आधी फक्त साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून चार दिवस तो भाग उघडा ठेवा. कर्क्युमिन उजेडात तुटतं. ताजा डाग कित्येकदा एवढ्यावरच जातो. तुमचा जुना असेल तर लेप लागेल.

लेपासाठी औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड (बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं) आणि शंखजिऱ्याची पावडर. तळव्याएवढ्या डागाला साधारण १०० ग्रॅम पावडर घ्या. त्यात पेरॉक्साइड थोडं थोडं घालत घट्ट श्रीखंडाइतपत करा, चमचा उलटा केला तर पडता कामा नये. धातूचं भांडं नको, काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. हातमोजे घाला. डागाची जागा आधी साध्या पाण्याने ओलसर करा, मग डागाच्या कडेपासून दोन बोटं बाहेरपर्यंत ६ ते ८ मिमी जाडीचा थर द्या. वर क्लिंग फिल्म, कडा चिकटपट्टीने बंद, सुईने पाच-सहा भोकं. २४ तास तसंच राहू द्या. मग फिल्म काढा आणि लेप पूर्ण कोरडा होईपर्यंत हात लावू नका. पावसाळ्यात याला आणखी एक दिवस लागतो.

इथेच बहुतेक जण चुकतात. ओला लेप खरवडला की काम फुकट. झाकलेल्या अवस्थेत द्रव दगडात शिरून डाग सोडवतो. फिल्म काढल्यावर लेप वरून वाळत जातो, आणि वाळताना दगडातला द्रव रंगासकट वर ओढतो. मध्येच काढलात तर सुटलेला डाग आतच राहतो. थर पातळ दिला तर तो आधीच वाळून बसतो. बरोबर डागाच्याच मापाचा दिला तर डाग कडेकडेने सरकतो आणि वर्तुळ उमटतं.

कोरडा लेप प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, पाण्याने पुसा, एक दिवस वाळू द्या आणि मगच निकाल ठरवा. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या गृहीत धरा.

पावडरीबद्दल हमखास येणारे दोन प्रश्न. रांगोळी चालेल का? नाही. भरड असते, ओल धरत नाही आणि चरे पाडते. मुलतानी माती? ताजमहालाचा पिवळेपणा काढायला पुरातत्त्व खात्याने १९९४, २००१, २००८ आणि २०१४ मध्ये मुलतानी मातीचेच लेप दिले होते, तत्त्व हेच. पण बाजारातल्या चेहऱ्याच्या पुड्यात काय काय मिसळलेलं असतं त्याचा भरवसा नाही, आणि मातीत लोह असेल तर पांढऱ्या दगडाला नवीनच पिवळेपणा यायचा. शंखजिरं बरं.

तेलाचा डाग वेगळा. पेरॉक्साइडने तेल हलत नाही. तिथे तीच पावडर, पण ॲसिटोनमध्ये कालवून. रसायनांच्या दुकानातलं साधं ॲसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग आणि तेलं असतात. ॲसिटोन क्षणात उडतं, म्हणून लेप थापला की लगेच फिल्म लावा. हा लेप स्वयंपाकघरात देणार आहात हे विसरू नका: सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत लायटर, देवघरातली समई, काहीही पेटवायचं नाही. हे जमण्यासारखं नसेल तर खाण्याचा सोडा आणि पाण्याचा लेप द्या. हळू चालतो, चार-पाच फेऱ्या लागतील, पण निर्धोक आहे. हळदीच्या डागापासून तेवढा लांब ठेवा, नाहीतर ती पुन्हा लाल.

ओटाधारक

टॉर्चने पाहिलं. थेंबाच्या चाचणीत बुडबुडे आले, म्हणजे मार्बल नक्की. गोल ठिपके ओल्यात गायब होतात. आठांपैकी सहांना नख लागत नाही. दोन लिंबांच्या गोलांना किंचित लागतं. हळद आणि तेल ओल्यातही दिसतात.

सहा चट्टे घरी काढायचे तर काय आणू? आणि बाकीच्या दोघांसाठी ग्राइंडर आहे घरात, चार इंची.

पाथरवट

ग्राइंडर कपाटातच ठेवा. साधा चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पाण्यावरच्या पॉलिश पॅडला चार हजारांच्या वर नेऊ नये. वेगात पॅडचं रेझिन वितळून दगडावर पुसलं जातं आणि एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की खळगा. शिवाय साध्या ग्राइंडरवर पाणी म्हणजे शॉकला आमंत्रण.

सहा चट्ट्यांना मार्बल पॉलिशची पावडर आणा. टिन ऑक्साइडची किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि ऑक्झॅलिक ॲसिड यांच्या मिश्रणाची, दोन्ही चालतात. लादी-पॉलिशचं सामान विकणाऱ्या दुकानात पाव किलोची पुडी पुरेशी आहे. सोबत तळहाताएवढा जाड पांढरा फेल्ट (दाबलेल्या लोकरीचा तुकडा). तो नसेल तर जुनं सुती पंचा-टॉवेल चार पदरी घडी करून.

एक चमचा पावडर चट्ट्यावर, अर्धा चमचा पाणी. ओल्या फेल्टने जोर लावून छोटी गोलाकार घासणी, तीन-चार मिनिटं घड्याळ लावून. जोर खरोखर लावायचा, घाम आला पाहिजे. लगदा वाळायला लागला तर चार थेंब पाणी. वाळवून घासायचं नाही, आणि तसाच सोडून फोन घ्यायला जायचं नाही, पावडरीत ऑक्झॅलिक असेल तर तिथेच नवा चट्टा पडेल. मग भरपूर पाण्याने पुसा, कोरडं करा, टॉर्च मारा. पहिल्या फेरीत साठ-सत्तर टक्के चमक परत येते. तीन फेऱ्यांत आली नाही तर चट्टा समजला होता त्यापेक्षा खोल आहे, थांबा.

पहिला प्रयोग कोपऱ्यात, मिक्सरच्या मागे कुठेतरी करा. कारण कधी कधी उलटं होतं: घासलेली जागा बाकीच्या चार वर्षं वापरलेल्या ओट्यापेक्षा जास्त चमकते आणि आता तीच डोळ्यात भरते. तसं झालं तर आजूबाजूला वीतभर हलक्या हाताने फिरवून कड मोडायची.

नख लागणारे दोन गोल कारागिराकडून. त्याने ४०० नंबरच्या डायमंड पॅडने सुरुवात करावी, मग ८००, १५००, ३००० आणि शेवटी पावडर. सगळं पाण्यावर, वेग कमी ठेवून. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, प्रत्येक नंबरानंतर जागा कोरडी करून आधीच्या नंबराचे चरे गेलेत का ते बघायला लावा. ओल्या दगडात सगळं छान दिसतं. ४०० चे चरे १५०० वर दिसले तर मागे जाण्याशिवाय इलाज नाही. दोन, प्रत्येक नंबराला घेर थोडा थोडा वाढवायचा. तेवढाच गोल खोदत गेला की संध्याकाळी दिवा लावल्यावर ट्यूबचं प्रतिबिंब तिथे वाकडं दिसतं.

आणि ॲसिड वॉशला स्पष्ट नाही म्हणा. पॉलिश उडवून पुन्हा पॉलिशचे पैसे, असा तो व्यवहार. सांध्यातला सिमेंट खातो, सिंकच्या स्टीलवर काळे डाग पाडतो तो वेगळाच.

ओल्या कामातून पांढरा रबडा निघतो. तो सिंकमध्ये ढकलू देऊ नका, पाइपात बसून घट्ट होतो. सुपलीने भरून कचऱ्यात.

चहाबाज

एक शंका. ॲसिडने दगड खातो म्हणता आणि पॉलिश पावडरीत ऑक्झॅलिक ॲसिड? मग लिंबानेच पॉलिश करू की.

खडीसाखर

शंका रास्त आहे. 😀 फरक प्रतिक्रियेनंतर काय बनतं यात आहे. लिंबाच्या आम्लाने जे तयार होतं ते बरंचसं पाण्याबरोबर पुसलं जातं, खाली खडबडीत दगड उरतो. ऑक्झॅलिकने कॅल्शियम ऑक्झॅलेट बनतं, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. घासण्याच्या उष्णतेने आणि दाबाने त्याचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि बारीक ऑक्साइड तो गुळगुळीत करतं. घासणं हे अर्धं काम आहे. नुसतं ओतून ठेवलं तर तेही चट्टाच पाडतं.

ऑक्झॅलिक विषारी आहे. मोजे घाला, कोरडी पावडर नाकात जाऊ देऊ नका आणि काम झाल्यावर ओटा तीनदा स्वच्छ पाण्याने पुसल्याशिवाय त्यावर पोळी लाटू नका.

मिश्रधातू

कोटिंगबद्दल कोणी बोललं नाही.

'कोटिंग' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक दगडात मुरणारा सीलर. तो छिद्रांच्या भिंतींना पाणी-तेल चिकटू देत नाही, त्यामुळे सांडलेलं पुसायला वेळ मिळतो. तेल, हळद, चहा यांना तो उपयोगी. चट्ट्यांना शून्य, कारण लिंबाचं भांडण छिद्रांशी नाही, वरच्या पापुद्र्याशी आहे. दुसरी वस्तू म्हणजे वर बसणारा थर: मेण किंवा लाख-रेझिनसारखं काही. महिनाभर छान चमकतं. मग गरम कुकर टेकला की डाग, तारेच्या घासणीने चरे आणि शेवटी सोलून काढायचं काम. ओट्यावर नकोच.

सीलर लागतो का तेही तपासा. ओटा कोरडा असताना रुपयाएवढा पाण्याचा थेंब ठेवा, पंधरा मिनिटं. पुसल्यावर खालची जागा गडद दिसली तर दगड पाणी पितोय, सीलर द्या. दिसली नाही तर पैसे वाचले. मकराना तसा घट्ट दगड, बऱ्याचदा गरज निघत नाही.

द्यायचा तर सगळे लेप आणि पॉलिश झाल्यानंतर, ओटा निदान २४ तास कोरडा ठेवून. सुती फडक्याने पातळ हात, पाच ते दहा मिनिटं मुरू द्या आणि वर उरलेला सगळाच्या सगळा कोरड्या फडक्याने उचला. उरलेला वर वाळला तर धुरकट पडदा येतो, लोक त्याला दगड खराब झाला समजतात. तो पडदा त्याच सीलरचा ताजा हात देऊन लगेच पुसला की निघतो. २४ तास ओटा वापरू नका.

डाग आत असताना सीलर दिलात तर डाग सील होतो, हे सांगायला नकोच.

पाथरवट

+१. एक जोड: चट्ट्यांचा खरोखरच कंटाळा आला असेल तर पूर्ण ओटा ४०० नंबरवर आणून मॅट ठेवा. निस्तेजावर निस्तेज दिसत नाही. चट्टे पडतच राहतात, पण दिसत नाहीत. मॅट दगड जास्त पितो, तिथे सीलर मात्र चुकवू नका. आमसुलं-चिंच रोजची असलेल्या घरात मला तरी हेच शहाणपणाचं वाटतं.

खडीसाखर

राहिलेले दोन. नळाचा खर हा बोअरच्या जड पाण्याचा चुना. म्हणजे रसायन म्हणून तो मार्बलचाच भाऊ, त्यामुळे त्याला विरघळवणारं काहीही मार्बललाही विरघळवणार. व्हिनेगर नाही, बाथरूम क्लीनर नाही, तांब्या-पितळेची पावडरही नाही, तीही आंबट असते. ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, मग प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून खरवडा. हट्टी असेल तर नवं पातं, जवळजवळ सपाट धरून, ओल्यावर. खाली चमक गेलेली असेल तर वर सांगितलेली पॉलिशची पावडर आहेच.

गंज सगळ्यात अवघड. बाजारातले गंज काढणारे द्राव बहुतेक आम्लाचे, ते नको. ब्लीच तर अजिबातच नको, गंज आणखी पक्का होतो. जुना, सावकाश चालणारा लेप असा: एक भाग सोडियम सायट्रेट सहा भाग कोमट पाण्यात विरघळवा, त्यात सात भाग ग्लिसरीन, आणि मग शंखजिरं. थर, फिल्म, वाळवणं वरच्यासारखंच, पण दोन-तीन दिवस. चार-पाच फेऱ्यांत फिकट होतो, पूर्ण जाईलच असं नाही. तेवढ्या जागी चमक थोडी उतरते, ती नंतर पॉलिशच्या पावडरीने आणता येते. नखाएवढा आहे तर आधी तारेचा तुकडा अजून रुतून बसलाय का ते भिंगाने बघा. असेल तर सुईने काढा, नाहीतर आठवड्यात परत येईल.

रोजच्याला लिटरभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, मऊ फडकं आणि लगेच कोरडं. थेंब जास्त टाकलेत तर साबणाचाच पडदा चढतो. वडीचा साबण ओट्याला नको, त्यात कच असते.

ओटाधारक

तेलावर सोडा-पाण्याचा पहिला लेप काढला. मध्यभाग उजळला, पण कडेला गडद कंगोरा आला आहे, आधीच्यापेक्षा बोटभर बाहेर. चुकलं का?

खडीसाखर

थर डागाच्या मापाचाच दिलात ना? तेल कडेला पळालं. पुढचा लेप त्या कंगोऱ्याच्याही दोन बोटं बाहेरपर्यंत, आणि कडेला मधल्यापेक्षा जाड.

ओटाधारक

मापाचाच दिला होता. आज रात्री परत लावतो.